पाणमांजरांचा निवेदक

३ मार्च

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही, या घरात वाचण्याच्या लायकीचं कोणी नाही. पण पुढेमागे माझी मुलाखत घ्यायला कोणी आलंच तर तारखा हाताशी असाव्यात.

कारणही तसंच आहे. दुपारी डबिंग स्टुडिओतून फोन. वन्यजीवांवरचा माहितीपट येतोय, थिएटरात लागणार, सहकुटुंब बघण्यासारखा. निवेदन आपल्या भाषेत वाचायचंय, उद्या येता का? मी म्हणालो, बघतो, जरा गडबडीत आहे. लगेच होकार दिला की किंमत राहत नाही. फोन ठेवायच्या आत हो म्हणालो, पण आधी बघतो म्हणालो होतो हे महत्त्वाचं.

आजवर या आवाजाची नुसती नासाडी झाली. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये दरवाजा बंद होत आहे असं म्हणणारा मीच. टाचांच्या भेगांच्या मलमाच्या जाहिरातीतला समाधानी गृहस्थही मीच. आणि शाळेत ठकीला (माझी मुलगी, वय नऊ, एकुलती एक) विचारलं की बाबा काय करतात, तर ती सांगते की घरी असतात. हे तिनेच मला सांगितलं, दूध पिता पिता, सहज. मी हसलो. आतून फार लागलं.

आता बघा म्हणावं.

ठराव: तळलेलं बंद. थंड बंद. ओरडणं बंद. साडूशी बोलणं बंद.

संध्याकाळी साडूचाच फोन. हा बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाथरूमच्या टाइल्सचं दुकान आहे, आणि आपण जगाला अंघोळ घालतो अशा थाटात वावरतो. उद्या दुकानात बसशील का, तू तसा मोकळाच असतोस, म्हणाला. मी ओरडलो. ओरडण्याचा ठराव उद्यापासून.

४ मार्च

रेकॉर्डिंग झालं. एका दुपारी अख्खा सिनेमा वाचून काढला.

विषय: पाणमांजरं. नदी, आई, तीन पिल्लं. सहकुटुंब म्हणजे काय, तर कोणी कोणाला खात नाही. गरुड झेप घेतो आणि लगेच पिवळी फुलं दिसतात. फुलं संपली की पिल्लं परत तीनच्या तीन. मासेसुद्धा नुसते शेपटीपासून दाखवतात, बाकीचा मासा कुठे गेला ते आपण समजून घ्यायचं. असल्या गुळमुळीत प्राण्यांना जीव देणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, आत्ता फक्त टायमिंगपुरतं वाचा, सपाट वाचलंत तरी चालेल. हा माझा संकोच मोडायचा त्याचा मार्ग. मी सपाट वाचलं नाही. गरुडाच्या प्रसंगाला असा आवाज लावला की काचेपलीकडे डबिंगवाल्या बाईंनी हेडफोन काढून ठेवले. भारावल्या असाव्यात. नंतर माईकवरून म्हणाल्या, इतकं नको, भाव आम्ही नंतर भरणार आहोत. भरा की. पाया माझा आहे.

निघताना बाई म्हणाल्या, टायमिंग अगदी नेमकं मिळालं, आता पुढचं आम्ही बघतो. इतकी वर्षं या धंद्यात आहे, कोणी माझं टायमिंग असं उघड मान्य केलं नव्हतं.

५ मार्च

घरी सांगितलं. बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली न ठेवता विचारलं, फायनल आहे का?

ही विमा कंपनीत नोकरीला आहे. दिवसभर लोकांचे दावे नाकारते, घरी आल्यावरही त्यात हात आखडता घेत नाही. म्हणाली, तूच मागे सांगितलं होतंस की मोठ्या सिनेमाला आधी कोणाकडून तरी मापापुरतं वाचून घेतात आणि मग खरा माणूस येऊन त्याच मापात बोलतो. मी म्हणालो, ते इतरांच्या बाबतीत. ती म्हणाली, तू इतरांत नाहीस का? मी विषय तिथेच संपवला. म्हणजे ती आत निघून गेली.

ठकी मात्र थेट मांडीवर. अख्ख्या सिनेमात तूच? मी म्हणालो, अख्ख्या. पाणमांजर पण तूच? मी म्हणालो, पाणमांजर बोलत नाही, त्याच्या वतीने मी बोलतो. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं ती फक्त साडूच्या नव्या गाडीकडे बघते. झोपेपर्यंत मला पाणमांजर, पाणमांजर म्हणायला लावलं. घसा बसला. बसू दे.

९ मार्च

ठकीने वर्गात सांगून टाकलं. मी सांगू नको म्हणालो होतो, पण फार हळू म्हणालो होतो.

वर्गात एक पायलटची मुलगी आहे. तिला खोटं वाटलं. ठकी म्हणाली, पैज. आता वर्गातल्या बाईंचा फोन: आम्ही सगळी मुलं घेऊन पहिल्याच रविवारी सकाळच्या शोला येतो, मुलांना निसर्गही कळेल, आणि तुम्ही सुरुवातीला दोन शब्द बोला. मी म्हणालो, बघतो, जरा गडबडीत आहे. मग हो म्हणालो.

पायलट काय, बसल्या जागी दांडा धरायचा. त्याचा आवाज विमानातसुद्धा कोणाला कळत नाही.

१२ मार्च

घरी सराव. रेकॉर्डिंग झालेलं असलं तरी आवाज हा तलवारीसारखा, घासत राहायला हवा. आज समोर जे दिसेल त्याचं निवेदन केलं. मादी सावधपणे स्वयंपाकघरात शिरते. तिला चाहूल लागली आहे की दूध उतू जाणार. पण तिचं लक्ष दुसरीकडे आहे.

दूध उतू गेलं. मादी म्हणाली, दिसत होतं तर गॅस बंद करायला काय झालं होतं? निवेदकाने हस्तक्षेप करायचा नसतो, हे तिला समजावता आलं नाही. जेवण मला उशिरा मिळालं.

ठकी हसून हसून लोळली. ती हसली की मला पुरे असतं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं.

१५ मार्च

स्टुडिओच्या जिन्यात घोगऱ्या भेटला. आमच्या धंद्यातलं सर्वांत मोठं ढोंग. आवाज असा की खोकला अर्ध्यावर सोडून दिलाय, आणि लोक त्याला भारदस्त म्हणतात. सगळी मोठी कामं याला. बगलेत कायम गरम पाण्याचा थर्मास, जणू एखाद्या रोग्याला भेटायला निघालाय.

वर कशाला चाललायस विचारलं. म्हणाला, पाणमांजरं. तू वाचून ठेवलंस ना, माझं काम अगदी सोपं केलंस, आभारी आहे.

म्हणजे निवेदन माझ्याकडे गेल्यामुळे याला किरकोळ काहीतरी उरलं आहे. शेवटची नामावली वगैरे. आणि त्यातही आभार! मला प्रथमच त्याची कीव आली. हात मिळवला. घरी येऊन साबणाने धुतला.

२० मार्च

पोस्टर लागलं. पाठीवर पिल्लू घेऊन पोहणारी आई, वर मोठ्या अक्षरांत सहकुटुंब पाहा. माझं नाव नाही.

साडूने मुद्दाम पोस्टरचा फोटो पाठवला आणि विचारलं, तुझं नाव कुठेय रे? मी उलट विचारलं, पाणमांजराचं आहे का?  मग त्याने आपण होऊन स्वतःची, मेहुणीची, सासूबाईंची आणि आमचीही तिकिटं काढली, खाणं-पिणं धरून. हा माणूस उपकारसुद्धा वैर काढल्यासारखे करतो.

२७ मार्च

बायको आज शांतपणे बोलली, तेव्हाच सावध झालो. म्हणाली, एक फोन कर स्टुडिओत. नुसतं विचार, आवाज कोणाचा ठेवलाय. तुझा असेल तर छानच. नसेल तर ठकीला आधी सांगता येईल. मोठ्यांचं काही नाही, आपण हसून सोडून देतो. तिचा अख्खा वर्ग येतोय.

फोन हातात घेतला. नंबर लावला. पलीकडे उचलायच्या आत ठेवला. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. डबिंगवाल्या बाईंना काय वाटेल? शिवाय माझा नसता तर त्यांनी सांगितलं नसतं का? सांगितलं नाही, अर्थात माझाच आहे. बायकोला म्हणालो, लाइन लागत नाही. तिने तिचा फोन पुढे केला. मी म्हणालो, तुझ्या फोनवरून कामाचं बोलणं बरं दिसत नाही.

ती म्हणाली, मग तिला जे होईल ते तू बघ. काय होणार आहे? अभिमानाने ऊर भरून येईल, आणखी काय!

२ एप्रिल

उद्या. निळा शर्ट. ठकी म्हणाली, बाबा, हाच घाल, यात तू टीव्हीतल्यासारखा दिसतोस. दिवसभर मौन पाळलं. साडूचा फोन आला तेव्हा मौनाचा खरा अर्थ कळला. काय सुख असतं!

दोन शब्दांचं भाषण पाठ झालं. जरा लांबलंय. भलतंच आटवलं की अर्थ जातो.

३ एप्रिल, दुपार

सविस्तर लिहितो. पुढे कोणी विचारलं तर माझी बाजू कुठेतरी असायला हवी.

थिएटर म्हणजे गुरांचा कोंडवाडा. खुर्च्या चिकट, जमिनीवर लाह्या, पुढे ठकीचा वर्ग रांगेने बसून एकमेकांना बुटांनी ढोसतोय. यांना निसर्ग दाखवायला आणलंय. माझ्या एका बाजूला ठकी, दुसऱ्या बाजूला बायको, मागे साडू, मेहुणी आणि कमी ऐकू येणाऱ्या सासूबाई. साडूच्या मांडीवर लाह्यांची बादली.

वर्गातल्या बाईंनी मला पडद्यापुढे बोलावलं. ठकीचे वडील, आजच्या सिनेमाचा आवाज, अशी ओळख करून दिली. ठकी खुर्चीवर उभी राहून बघत होती. मी म्हणालो, मुलांनो, आता तुम्हाला मी दिसणार नाही, पण मी तुमच्या कानात असेन. पायलटच्या मुलीने कानात बोट घालून पाहिलं. मी नदीबद्दल बोललो, आवाजाबद्दल बोललो, माझ्या उमेदवारीच्या दिवसांबद्दल बोलणार होतो तेवढ्यात दिवे गेले. अडाणी लोक, पाहुणा बोलतोय हेही बघत नाहीत.

सिनेमा सुरू झाला. नदी. धुकं. आणि आवाज आला: नदी जागी होते आहे.

घोगऱ्या.

आधी वाटलं जाहिरात आहे. मग वाटलं, सुरुवात याला दिली असेल, खरं निवेदन पाणमांजर आलं की. पाणमांजर आलं. घोगऱ्या. पिल्लं आली, एक, दोन, तीन. घोगऱ्या, घोगऱ्या, घोगऱ्या. शब्द तेच. जिथे मी थांबलो होतो तिथेच तो थांबत होता. चोराने माझ्याच चपला घालून माझ्याच घरात फिरावं, तसं.

ठकी माझ्या कानाशी आली. बाबा, तू कधी येणार?

मी म्हणालो, येतोय.

बराच वेळ गेला. पाणमांजरांनी घसरगुंडी केली, सगळं थिएटर हसलं. ठकी हसली नाही. पुन्हा विचारलं, आता? मी म्हणालो, आता येईलच. पुढच्या रांगेतून पायलटची मुलगी मागे वळून आमच्याकडेच बघत होती.  फोन कर म्हणाले होते, असंसुद्धा बायको म्हणाली नाही. हा तिचा दुष्टपणा.

गरुड आला तेव्हा मला राहवेना. ठकीला शब्द दिला होता, येतोय म्हणून. उठून उभा राहिलो आणि म्हणायला लागलो. सगळं पाठ होतं. आकाशातून मृत्यूची सावली उतरते आहे! घोगऱ्याच्या अर्धा क्षण आधी मी. म्हणजे थिएटरला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं, एकदा खरं आणि एकदा घोगरं. फरक कोणालाही कळावा. पोरांना वाटलं हा खेळ आहे, तीही म्हणायला लागली, म्हणजे तीनदा. पडद्यावर पिवळी फुलं आली आणि अख्खा वर्ग मृत्यूची सावली, मृत्यूची सावली म्हणून ओरडतोय. कोणाचं तरी तान्हं रडायला लागलं. साडू मागून म्हणाला, बस रे खाली, शोभतं का. मी आवाज वाढवला. लाह्या अंगावर आल्या. साडूच्याच असणार, खारट होत्या.

थिएटरचा माणूस बॅटरी घेऊन आला. साहेब, आत बोलायचं नसतं. मी म्हणालो, मी निवेदक आहे. तो म्हणाला, निवेदक बोलतायत ना आत, तुम्ही बाहेर चला. याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी ठकीला हात केला, चल, आपण जाऊ.

तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि पडद्याकडे बघत राहिली.

उरलेला सिनेमा बाहेर उभा राहून ऐकला. फोटो काढण्यासाठी पुठ्ठ्याचं पाणमांजर ठेवलं होतं, त्याच्या शेजारी. दारातून घोगऱ्याची गुरगुर येत होती. मग टाळ्या. असल्या आवाजाला टाळ्या!

लोक बाहेर आले. वर्गातल्या बाई माझ्याकडे न बघता मुलं मोजत गेल्या. सासूबाई मात्र थांबल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, आवाज फार गोड लागलाय हो तुमचा, अगदी शेवटपर्यंत. सासूबाई एकट्याच खूश होत्या. ठकी साडूच्या गाडीतून गेली. मी दार धरून म्हणालो, आपण चालत जाऊ, रस्त्यात आइस्क्रीम घेऊ. ती म्हणाली, माझे पाय दुखतात. मी आणि बायको चालत आलो. रस्ताभर मी तिला बोलायला जागाच ठेवली नाही.

४ एप्रिल

स्टुडिओत जाऊन सगळ्यांना फाडून खायचं ठरवलं होतं. बाई मीटिंगमध्ये. घोगऱ्या नव्हता, त्याचं नशीब. रेकॉर्डिस्टवर तुटून पडलो. तो शांतपणे म्हणाला, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, टायमिंगपुरतं. तुमच्या वाचनावर माप घेतलं, मग त्यांनी त्याच मापात भरलं. तुम्ही जिथे श्वास घेतला तिथेच त्यांनी घेतला.

याचा मी येताना नीट विचार केला. म्हणजे सिनेमातले सगळे श्वास माझे आहेत. शब्द काय, लेखकाचे. आवाज काय, घशाचा. श्वास हाच प्राण. एका अर्थी मीच त्या सिनेमात सगळ्यांत जास्त आहे.

जेवताना ठकीला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, श्वास ऐकू येत नाहीत.

ती झोपल्यावर बायकोने सांगितलं की आज मधल्या सुट्टीत मुलं नाक दाबून ठकीच्या मागे फिरली आणि म्हणत होती, मी तुमच्या कानात असेन. ती घरी येऊन बाथरूममध्ये रडली. साडूकडच्या टाइल्स आहेत, आवाज घुमतो, तरी मला ऐकू आलं नाही. मी टीव्ही बघत होतो.

पायलटच्या घरी जाऊन चार शब्द सुनवायचे ठरवलं. पत्ता माहीत नाही. ठकीला विचारावा लागेल. राहू दे.

६ एप्रिल

सकाळी स्टुडिओतून फोन. नवा माहितीपट, खारी. सहकुटुंब. टायमिंगपुरतं वाचायला येता का? या वेळी बाईंनी टायमिंगपुरतं हा शब्द दोनदा उच्चारला, सावकाश, आजाऱ्याला औषध समजावतात तसा.

उत्तर तयार होतं. कालपासून घोळवून ठेवलं होतं, चांगलं जहाल, कलाकाराचा अपमान, दार कायमचं बंद, तुमचं थिएटर आणि तुमच्या खारी, सगळं. ठकी समोर बूट घालत होती. वर न बघता ऐकत होती.

मी म्हणालो, येतो.

फोन ठेवला. ठकी दोन दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. विचारलं, आता कोणाचा आवाज असणार? घसा खाकरला. सांगायला पुष्कळ होतं. श्वासांचं होतं, सिनेमाचा पाया कोणाचा त्याचं होतं, खारींना खरा न्याय कोण देतं त्याचं होतं.

म्हणालो, घोगऱ्याचा.

ती म्हणाली, बरं झालं, मग शाळेत सांगायला नको. आणि मला तिच्या बुटाची नाडी बांधायला दिली.